सतरा घरच्या पुड्या

"मावशी, पुडी लागू पडंना," सोनाली म्हणाली.

ती दवाखान्याच्या मागच्या दाराशी उभी होती. खांद्यावर चैत्राली, चौदा महिन्यांची, तोंड आईच्या मानेत खुपसलेलं. मी आत खलात गोळ्या कुटत होते. पडद्यापलीकडे मगदूम डॉक्टर कुणाच्या तरी छातीला नळी लावून "श्वास घ्या, सोडा" म्हणत होते. गावची यात्रा होऊन आठ दिवस झाले होते. यात्रेनंतर आमच्याकडे दर वर्षी पोटं बिघडायची, त्यात नवीन काही नव्हतं. नवीन होतं ते सोनालीचं वाक्य. एकोणीस वर्षांत पुडी लागू पडत नाही असं मला कुणी म्हटलं नव्हतं. खरं सांगायचं तर मला रागच आला.

"किती दिल्यास?"

"चार. परवा दोन, काल दोन."

"कशातनं?"

"मधातनं. तुम्ही सांगितल्यागत."

"मग गुण यायला पाहिजे."

"काल दुपारी थांबलं हुतं ओ. वाटलं, झालं. आज पहाटेपासनं परत सुरू. आणि मावशी..." तिनं पडद्याकडे बघत आवाज खाली घेतला. "रगात दिसतंय."

मी पोरीच्या कपाळाला हात लावला. चांगलंच तापलं होतं. तेवढ्यात आतून हाक आली, "शालनबाई, दोन नंबर संपलाय का?"

"आहे डॉक्टर, देते."

"डॉक्टरास्नी दावू का?" सोनालीनं विचारलं.

हा प्रश्न तिनं अगदी साधेपणानं विचारला. पाच पावलांवर डॉक्टर होते. मी पडदा सरकवून "हिला आधी बघा" म्हटलं असतं तर त्यांनी बघितलं असतं. पण मग त्यांनी हेही विचारलं असतं की आतापर्यंत काय दिलंय आणि कुणी दिलंय.

"नको," मी म्हणाले. "गर्दी बघतीस ना. लेकराला दोन तास ताटकळत बसवणार का? ह्या घे. आत्ता दोन एकदम दे, संध्याकाळी परत दोन. सकाळपर्यंत खेळायला लागेल."

मी माझ्या पिशवीतून सहा पुड्या काढून दिल्या. सोनालीचा चेहरा सैल झाला. माझ्यावर तिचा एवढा विश्वास होता.

मी शिकलेली नर्स नाही. नवरा कावीळ होऊन गेला तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते, दहावी नापास. मगदूम डॉक्टरांनी आधी झाडलोटीला ठेवलं, मग पुड्या बांधायला शिकवलं. आतल्या फळीवर पाच बरण्या होत्या. त्यांवर नावं नव्हती, एक ते पाच आकडे होते. औषधं डॉक्टर स्वतः शहरातून आणायचे, गोळ्या वरच्या घरात सोलून बरण्यांत भरायचे आणि वेष्टणं स्वतःच्या हातानं नाहीशी करायचे. त्या काळी आमच्या भागात प्रत्येक डॉक्टरची आपली पुडी असायची आणि पुडीत काय आहे ते बायकोलाही सांगायचं नाही अशी रीत होती. नाव कळलं तर पेशंट उद्या थेट मेडिकलच्या दुकानात जाईल, ही भीती. लहान मुलांच्या जुलाबाच्या पुडीत एक, दोन आणि चार नंबरची अर्धी अर्धी आणि पाच नंबरची पाव गोळी. पाच नंबर माझा लाडका. तो पोटात गेला की दोन तासांत संडास बंद.

दिवसाच्या शेवटी बांधलेल्या काही पुड्या उरायच्या. डॉक्टर म्हणायचे टाकून द्या, दमट होतात. मी टाकल्या नाहीत. पहिली पुडी शेजारच्या पोराला दिली आणि तो सकाळी उठून अंगणात गोट्या खेळला. मग आमच्या कुंभार गल्लीत झालं की शालनच्या हाताला गुण आहे. विधवा म्हणून हळदीकुंकवाला मला कुणी बोलवत नव्हतं, पण लेकराला जुलाब लागले की त्याच बायका आधी माझ्या दाराशी यायच्या. मला ते फार आवडायचं. मीही मग डॉक्टरांच्या थाटात सांगायची, "दोन पुड्यांत थांबलं तर बाकीच्या देऊ नको. डब्यात घालून ठेव, पुढच्या वेळी होतील." डॉक्टर पेशंटला पाच दिवसांच्या देऊन "थांबलं तरी सगळ्या संपवा" म्हणून बजावायचे. मला ती उधळपट्टी वाटायची. चैत्रालीनं चौदा महिन्यांत माझ्या पुड्या सहा-सात वेळा तरी घेतल्या होत्या. दात येताना, उन्हाळ्यात, एकदा तर नुसती किरकिर करते म्हणून.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास सोनालीची सासू दवाखान्याच्या मागं धावत आली. "शालन, पोरगी डोळंच उघडंना गं." मी डॉक्टरांना घरी पाहुणे आल्याचं सांगून निघाले. आम्ही माणसं भरून सुटणारी वडाप जीप पकडून तालुक्याच्या सरकारी हॉस्पिटलला गेलो. चौदा किलोमीटर. सोनालीचा नवरा अजित पुण्याला वेल्डिंगच्या कामावर होता. वाटेत सोनाली एकसारखी पोरीच्या तोंडावर फुंकर घालत होती आणि मी खिडकीतून उसाचे ट्रॅक्टर बघत होते, कारण पोरीकडे बघवत नव्हतं. डोळे खोल गेलेले, ओठ सुकलेले, आणि पोट मात्र टम्म.

मुलांच्या वॉर्डात एकेका खाटेवर दोन-दोन पोरं होती. तिथल्या डॉक्टर मुजावर मॅडम तिशीच्या आतल्याच असतील. त्यांनी चैत्रालीच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. ती तशीच उभी राहिली, हळूहळू खाली बसली. शीर सापडायला चार वेळा सुई टोचावी लागली. पोरगी रडली नाही. सुईला न रडणारं मूल मी तोवर बघितलं नव्हतं.

सलाइन सुरू झाल्यावर मॅडमनी विचारलं, "आधी कुणाची ट्रीटमेंट चालू होती?"

सोनालीनं माझ्याकडे बघितलं.

"पुडी चालू होती," मी म्हणाले.

"कुणाची?"

"मगदूम डॉक्टरांची." अर्धं खरं होतं ते. तोंडातून सहज निघून गेलं.

"त्यात काय असतं?"

"एक नंबर, दोन नंबर, चार नंबर आणि पाच नंबर."

त्यांना वाटलं मी थट्टा करतेय. मी सांगितलं की मी तिथं कामाला आहे, पुड्या मीच बांधते, पण बरण्यांवर आकडेच आहेत. त्या खाटेच्या कडेला टेकल्या.

"किती वर्षं?"

"एकोणीस."

"एकोणीस वर्षं कुटताय आणि काय कुटताय ते माहीत नाही." त्यांच्या आवाजात राग नव्हता. रागवायला लागणारी ताकद त्यांच्यात उरली नव्हती. "हे बघा मावशी. हिच्या पोटातले जंतू कुठल्या औषधाला दाद देतात ते बघायला संडास तपासायला पाठवतेय. शहरातून रिपोर्ट यायला तीन दिवस लागतात. हिच्याजवळ तीन दिवस नाहीत. काय काय देऊन झालंय ते कळलं, तर ते सोडून मला पुढचं देता येईल. नाहीतर मीही तेच देत बसेन. आणि पोट बघा कसं फुगलंय. संडास बांधायचं काहीतरी दिलंय. घाण सगळी आत कोंडलीय."

"पाच नंबर," मी म्हणाले.

"चार वाजेपर्यंत मला नावं आणून द्या."

मी परत वडापमध्ये बसले. डॉक्टर दुपारी दोन तास वरच्या घरात पडायचे. त्यांची बायको मुलाकडे पुण्याला असायची, ते एकटेच राहायचे. मी गेले तेव्हा ते खुर्चीत डोळे मिटून बसले होते, पाय गरम मिठाच्या पाण्याच्या घमेल्यात. वय सहासष्ट. सकाळच्या गर्दीनंतर पाय सुजायचे त्यांचे.

"डॉक्टर, तालुक्याला एक पोरगी ॲडमिट आहे. तिथल्या मॅडम आपल्या पुडीतल्या औषधांची नावं मागतायत."

"नाही द्यायची," ते डोळे न उघडता म्हणाले. "आज नावं मागतील, उद्या आणखी काहीतरी."

"पोरगी जाईल, डॉक्टर."

त्यांनी डोळे उघडले. "कुणाची?"

"लोहारांची. अजितची. चौदा महिन्यांची आहे."

ते उठले. पाय न पुसताच खाली दवाखान्यात आले. मी मागोमाग. त्यांनी पेशंटचं रजिस्टर काढलं, चष्मा लावला, आणि बोट वरून खाली नेत पानं उलटत राहिले. यात्रेपासूनची सगळी पानं बघितली. मग त्याच्या आधीचा महिना.

"शालनबाई, ही मुलगी माझ्याकडे कधी आली होती?"

मी बरण्यांकडे बघत राहिले. "नाही आली."

या क्षणाची मी एकोणीस वर्षं धास्ती घेतली होती. पाया पडेन, रडेन, नवऱ्याचं नाव काढेन, असं सगळं मनात ठरवून ठेवलेलं होतं. त्यातलं काही लागलं नाही. डॉक्टरांनी रजिस्टर मिटलं आणि ते पेशंटच्या स्टुलावर बसले.

"कधीपासून?"

"पहिल्यापासनं. उरलेल्या नेत होते."

"फक्त लोहार?"

"गल्ली. सतरा घरं."

ते थोडं हसले. "मला वाटायचं, कुंभार गल्लीतली पोरं माझ्याकडे का येत नाहीत. म्हटलं, तिकडचं पाणी सुधारलं असेल."

"आणि सगळ्या संपवायला सांगत होतात की दोन-दोन?"

"थांबलं की बंद करा म्हणायचे. बाकीच्या जपून ठेवा."

त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "म्हणजे अर्धे जंतू मारायचे आणि अर्धे शिकवून सोडायचे. पण तुम्हाला काय बोलू? पूर्वी एका दिवसात गुण यायचा, आठवतं? मग दोन दिवस लागायला लागले, मग चार. मी पावची अर्धी केली, एका औषधाची तीन केली. खोकला असो, जुलाब असो, बरणी उघडायची. दोन वर्षं झाली मला कळतंय. गोळ्या त्याच आहेत, जंतू ते राहिले नाहीत. पाच नंबरमुळे संडास थांबायची, लोक खूश व्हायचे, आणि मी गप्प बसायचो."

"मग बंद का नाही केलीत?"

"दुसरं काय देणार होतो? मीठ-साखरेचं पाणी द्या म्हटलं की माणूस उठून दुसऱ्या डॉक्टरकडे जातो." ते उठले. "आणि दमलो हो मी. समजावून सांगायला दमलो."

त्यांनी लेटरहेडचा कागद घेतला आणि लिहायला लागले. चैत्राली लोहार, वय चौदा महिने. माझ्या दवाखान्यातून दिलेली औषधे. मग चार नावं, प्रत्येकापुढे किती मिलिग्रॅम. खाली सही आणि शिक्का. नंबर एकचं नाव मी त्या दिवशी पहिल्यांदा वाचलं: कोट्रायमॉक्साझोल. एवढं लांबलचक नाव मी अर्ध्या आयुष्यभर कुटत होते.

"डॉक्टर, 'माझ्या दवाखान्यातून' असं नका लिहू."

"मग काय, तुमचं नाव लिहू? तुम्हाला पोलीस नेतील. मला फार तर चार प्रश्न विचारतील." त्यांनी कागदाची घडी घातली, पण लगेच हातात दिली नाही. "मला एक शब्द द्या. पोरगी बरी होवो न होवो, सतराच्या सतरा घरांत जा. ठेवलेल्या पुड्या परत आणा. आणि कुणी दिल्या, कशा दिल्या, ते खरं सांगा. हे मी सांगून कुणी ऐकणार नाही. तुमचं ऐकतील."

"सांगते," मी म्हणाले आणि कागद घेऊन पळाले.

मुजावर मॅडमनी तो उभ्या उभ्या वाचला. दुसऱ्या नावाशी थांबल्या. "मी याच जातीचं सुरू करणार होते," त्या म्हणाल्या आणि नर्सला हाक मारून दुसरंच इंजेक्शन भरायला सांगितलं. पावणेचार वाजले होते.

पुढचे दोन दिवस वाट बघण्यात गेले. सोनाली चमच्यानं थेंब थेंब पाणी पाजायची, पोरगी ते ओठाच्या कोपऱ्यातून सोडून द्यायची. मी सकाळी दवाखान्यात पुड्या बांधायची, आता फक्त मोठ्यांच्या तापाच्या, आणि दुपारी तालुक्याला जायची. डॉक्टर रोज विचारायचे, "कशी आहे?" मी म्हणायची, "तशीच." तिसऱ्या दिवशी सकाळी चैत्रालीनं सलाइनची नळी मुठीत धरून ओढली. सुई निसटली, नर्स ओरडली आणि ते ओरडणं ऐकून सोनाली मोठ्यानं रडायला लागली. संध्याकाळी पोरीनं अर्धी वाटी भाताची पेज खाल्ली.

रिपोर्ट त्याच दिवशी आला. मॅडमनी मला टेबलाशी बोलावून तो डॉक्टरांच्या कागदाशेजारी ठेवला. रिपोर्टवर सात औषधांची नावं होती, पुढे एकेक इंग्रजी अक्षर. पाच नंबर जंतूंवरचं औषधच नव्हतं; बाकीची आमच्या बरण्यांतली तिन्ही नावं मला तिथं सापडली. तिन्हींपुढे आर.

"आर म्हणजे?"

"म्हणजे हे औषध बादलीभर पाजलं तरी जंतूला काही होत नाही. हे चौथंही आर. हेच मी देणार होते." त्यांनी दोन्ही कागद एकत्र टाचले. "तुम्ही नावं आणलीत म्हणून वाचली. मालकाकडून असं काढून आणायला धाडस लागतं मावशी."

अजित पुण्याहून आला होता. तो तिथंच उभा होता. त्यानं वाकून लेटरहेडवरचं नाव वाचलं.

"मगदूम? त्यानं घातलं व्हय हे माझ्या पोरीच्या पोटात?"

"त्यांनी स्वतः लिहून दिलं म्हणून तर..." मॅडम सांगायला लागल्या, पण एका खाटेवरून हाक आली आणि त्या गेल्या.

अजित सोनालीकडे वळला. "तू त्याच्याकडं नेलतीस तिला?"

सोनालीनं माझ्याकडे बघितलं. तिला नवऱ्याची भीती होती. मला कशाची होती ते मला तेव्हाही नीट सांगता आलं नसतं. नोकरीची म्हणावी तर डॉक्टरांना सगळं कळलेलंच होतं.

"व्हय," सोनाली म्हणाली. मी गप्प राहिले.

अजित गावात येऊन स्टँडवर बोलला, सलूनमध्ये बोलला, मगदूमनं पोरगी मारलीच होती, शालनमावशीनं कागद पळवून आणला म्हणून वाचली. लोकांना अशी गोष्ट लगेच पटते. मी घरं फिरायला लागले तेव्हा ती माझ्या आधी प्रत्येक घरात पोहोचलेली होती. मी काही बोलायच्या आतच बायका डबे उघडायच्या. पुड्या कुठून कुठून निघाल्या. मिठाच्या बरणीमागून, देवाच्या फळीवरून, एकीच्या तर दागिन्यांच्या डबीतून. "त्या मेल्याच्या पुड्या," त्या म्हणायच्या, आणि मी त्या पिशवीत टाकायची. "परत ठेवू नका," एवढंच मी म्हणायची. पहिल्या घरात खरं सांगायचं राहिलं. दुसऱ्यात वाटलं, पहिल्यात सांगितलं नाही तर इथं कसं सांगू. पाचव्या-सहाव्या घरापर्यंत मला तसं वाटायचंही थांबलं.

"सांगताय ना?" दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं.

"सांगतेय."

त्या सकाळी तीनच पेशंट आले होते. डॉक्टरांना कळत नव्हतं असं नाही. पण त्यांनी पुन्हा विचारलं नाही, त्या दिवशी नाही आणि नंतरही कधी नाही. दिवाळीच्या आधी ते दवाखाना बंद करून मुलाकडे गेले आणि तीन वर्षांत तिकडेच वारले. जाताना मला म्हणाले, "स्वतःची काळजी घ्या." एवढंच म्हणाले.

सतरावं घर मी मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. गोदाक्का कुंभारांचं. चौथ्या दिवशी तिन्हीसांजेला मी तिथं गेले तेव्हा मनाशी पक्कं केलं होतं की निदान या एका घरात खरं बोलायचं. कारण दोन वर्षांपूर्वी गोदाक्काचा नातू बाळू याच दुखण्यानं गेला होता. दीड वर्षाचा होता. त्यालाही पुड्या मीच दिल्या होत्या. तेव्हा मी रडले होते, दहाव्याला स्वयंपाकाला उभी राहिले होते, आणि त्याचं आयुष्य तेवढंच होतं असं सगळ्यांबरोबर म्हणाले होते.

गोदाक्का चुलीपुढे बसली होती. सून बाहेर गेली होती. मी पिशवी घेऊन उंबऱ्यात उभी राहिले तशी तिनं हातानंच बस म्हणून खुणावलं आणि उठून आत गेली. येताना तिच्या हातात कापडाची लहानशी गाठोडी होती. तिनं ती उलगडली. आत बाळूचं झबलं होतं आणि त्याच्या घडीत दोन पुड्या. कागद पिवळा पडलेला, पण घडी माझीच. माझी घडी मी कुठंही ओळखते.

"ह्या दोन ऱ्हायल्या हुत्या बघ," ती म्हणाली. "चार दिल्यावर थांबलं, म्हनून तू सांगितल्यापरमानं ह्या ठिवल्या. मग परत लागलं, आणि घाईत ह्या दोन द्यायचं माझ्या ध्यानातच न्हाई आलं. सकाळी गेला." ती झबल्यावरून हात फिरवत राहिली. "दोन वर्सं झाली शालन. कुनाला बोलले न्हाई, सुनंला बी न्हाई. ह्या दोन दिल्या असत्या तर जगला असता का गं?"

दोन वर्षं ही म्हातारी स्वतःला दोष देत बसली होती. मला बसवेना आणि उठवेना.

"नाही आक्का," मी म्हणाले. "देवाशपथ नाही. दिल्या असत्या तरी जगला नसता. त्या पुडीत काही राहिलंच नव्हतं. तुझ्या हातून काही चुकलं नाही."

मी बोलले त्यावर तिचा विश्वास बसला होता, ते मला तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मग तिनं हळूच विचारलं, त्यात भांडण नव्हतं, नुसतं विचारलं, "मग तू कशाला दिल्यास गं?"

चुलीतली लाकडं पुढं सरकवायला आली होती. मी ती सरकवली. घरात आम्ही दोघीच होतो, ऐकायला तिसरं कुणी नव्हतं. आणि तिनं माझं काही केलं नसतं.

"डॉक्टरांनी सांगितल्या होत्या," मी म्हणाले.

गोदाक्कानं मान हलवली. त्या दोन पुड्या तिनं माझ्या तळहातावर ठेवल्या आणि माझी मूठ आपल्या दोन्ही हातांनी मिटली.

"मग तुझा काय दोष, पोरी," ती म्हणाली आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला.